लोखंड एकदाच निघतं

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा
यांस,

गडचिरोलीचं पालकमंत्रिपद आपण स्वतःकडे घेतलंत तेव्हा विदर्भातल्या पुष्कळांना बरं वाटलं. मलाही वाटलं. ज्या जिल्ह्यात बदली झाली की सरकारी नोकर ती शिक्षा समजायचे, तो जिल्हा राज्याच्या प्रमुखानं आपणहून घेतला. 1 जानेवारी 2025 रोजी वांगेतुरीच्या रस्त्यावर एसटी धावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह आपल्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. चाळीस वर्षं बंदुकीच्या दोन्ही बाजूंनी मार खाल्लेल्या माडिया-गोंड माणसाला यानं केवढा मोकळा श्वास मिळाला असेल, हे मुंबईत बसून कळायचं नाही.

हे पत्र मात्र आपल्या एका घोषणेविषयी आहे. गडचिरोली देशाचं ‘स्टील हब’ होणार, असं आपण वारंवार सांगता. सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज, कोनसरीचा कारखाना, हेडरी ते कोनसरी ही 85 किलोमीटरची खनिजवाहिनी, आणि खाणीचं उत्पादन वर्षाला 1 कोटी टनांवरून 2 कोटी 60 लाख टनांवर नेण्याची परवानगी, हे सगळं त्या घोषणेमागे उभं आहे. कामाचा वेग थक्क करणारा आहे. मला विचारायचं आहे ते एवढंच: हे लोखंड संपेल त्या दिवशी गडचिरोलीच्या हातात काय असेल?

मी चंद्रपूरचा. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळी झाली, त्याआधी आम्ही एकाच जिल्ह्यातले. वाटणीत आमच्याकडे कोळसा आला, त्यांच्याकडे जंगल गेलं. त्या कोळशावर आमच्याकडे 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, त्यासाठी इरई नदीवर धरण बांधलं गेलं, आणि तिथली वीज राज्यभर दिवे लावते. आमच्या वाट्याला काय आलं, ते उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी घातलेल्या पांढऱ्या कुरडईवर दुपारपर्यंत काळी भुकटी बसते, म्हणून वरून धोतराचं फडकं अंथरायची पद्धत आता घराघरात आहे. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होतं. आणि ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात, जुन्या भूमिगत खाणीच्या वर वसलेल्या वस्तीत, एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. जमीन हलतेय हे ध्यानात येऊन माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली.

कोळशानं आम्हाला काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. खाणीतल्या पगारावर इथे दोन पिढ्या शिकल्या, घरं झाली, दवाखाने आले. पण शंभरेक वर्षं कोळसा काढूनही, उद्या कोळसा बंद झाला तर हा जिल्हा कशावर जगेल, याचं उत्तर आमच्याकडे नाही. त्या उत्तरासाठी कुणी एक रुपया बाजूला ठेवला नाही. गडचिरोलीचं असं होऊ नये म्हणून लिहितो आहे.

जमिनीखालचं धन देशाला तारतं की बुडवतं, यावर अर्थशास्त्रात मोठं भांडण आहे. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड ऑटी यांनी 1993 मध्ये त्याला ‘संसाधनांचा शाप’ असं नाव दिलं. तेल, हिरे, तांबं ज्यांच्याकडे विपुल, ते देश अनेकदा काहीच नसलेल्या देशांहून मागे राहतात, असं त्यांचं निरीक्षण. नायजेरियात 1956 मध्ये ओलोइबिरी गावात तेल लागलं, 1958 पासून ते परदेशी जाऊ लागलं. पुढे नायजर नदीच्या मुखाशी तेलानं माखलेल्या खाड्यांसाठी बोलणारा लेखक केन सारो-विवा 1995 मध्ये लष्करी राजवटीनं फासावर चढवला. सरकारची तिजोरी तेलावर भरू लागली की लोकांकडून कर मागायची गरज उरत नाही, आणि कर मागायचा नसला की हिशोब द्यायचीही गरज उरत नाही. शाप आहे तो इथे. जमिनीत काही वाईट नसतं.

सगळ्यात जास्त मला छळतं ते नाउरूचं उदाहरण, कारण नाउरूच्या माणसांनी मूर्खपणा केला असं सहज म्हणता येत नाही. प्रशांत महासागरातलं 21 चौरस किलोमीटरचं बेट. त्यावर फॉस्फेटचा जाड थर, खतासाठी जगाला हवा असलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परदेशी कंपन्यांनी तो खरवडला. 1968 मध्ये बेट स्वतंत्र झालं, खाणी लोकांच्या हाती आल्या, आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात नाउरू जगातल्या श्रीमंत देशांच्या पंगतीला बसलं. ही संपत्ती संपणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी न्यासही काढला होता. त्या न्यासाच्या पैशातून मेलबर्नमध्ये 52 मजली इमारत बांधली, विमान कंपनी चालवली, इतकंच काय, 1993 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीतिकेलाही पैसा पुरवला. ती काही आठवड्यांत बंद पडली. न्यासावर बसलेली माणसं मोजकी होती आणि त्यांचा हिशोब गावासमोर वाचला जात नव्हता. 2004 पर्यंत ती इमारतही कर्जापायी हातची गेली. आज बेटाचा मधला बहुतेक भाग चुनखडीच्या उघड्या सुळक्यांचा आहे, तिथे शेती होत नाही, घर बांधता येत नाही. ऑस्ट्रेलियाला नको असलेले आश्रयार्थी ठेवून घेण्याचे पैसे, हा त्या देशाचा मोठा आधार झाला.

निधी काढला की झालं, असं म्हणणाऱ्यांनी म्हणून नाउरू डोळ्यांपुढे ठेवावं. निधी कोण सांभाळतो आणि तो कुणाला उत्तर देतो, यावर सगळं ठरतं.

नॉर्वेनं हे कसं केलं, ते पुष्कळांना माहीत आहे, तरी एक बारकावा सांगतो. 1969 च्या अखेरीस त्यांच्या समुद्रात तेल सापडलं. तेल कुणाचं आणि त्यावर हुकूम कुणाचा, याची दहा सूत्रं त्यांच्या संसदेपुढे 1971 मध्येच आली, पैसा अजून यायचा होता तेव्हा. तेलाच्या निधीचा कायदा 1990 चा आणि त्यात पहिली रक्कम पडली ती 1996 मध्ये. म्हणजे खोका आधी तयार, कुलूप आधी बसवलेलं, मग पैसा. 2001 पासून सरकारला त्यातून वर्षाला साधारण 4 टक्के घेता येत होते, 2017 मध्ये ते प्रमाण 3 टक्क्यांवर आणलं. मुद्दल हलत नाही. पंचावन्न-छप्पन्न लाख लोकांचा देश, मुंबईच्या निम्म्याहून कमी वस्तीचा, आणि आज त्या निधीतला निम्म्याहून जास्त पैसा तेलाचा नाहीच, गुंतवणुकीच्या कमाईचा आहे. कुठल्या कंपनीत किती गुंतवले, ते कुणीही बघू शकतो.

‘नॉर्वे गोरा, शिकलेला, आधीच सुस्थितीतला’ असं कुणी म्हणेल, म्हणून बोत्स्वानाचं सांगतो. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अति गरीब देशांत मोडत होता. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या भूमीत. त्याच वर्षीच्या कायद्यानं जमातींचे खनिजहक्क देशाकडे घेतले गेले. आपल्या जमातीला कुबेर करायची संधी समोर असताना खामांनी ती सगळ्या देशात वाटली. खाणकंपनीत पुढे सरकारचा निम्मा वाटा आला, आणि हिऱ्यांच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. आज प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांमुळे त्यांचं दुकान मंदावलं आहे आणि बेकारीही मोठी आहे. पण आल्या पैशाची माती झाली, असं तिथे कुणी म्हणू शकत नाही.

खनिजाच्या हक्काबाबत आपल्याकडे बरोबर उलटं आहे. इथे खनिज आधीपासूनच सरकारचं. ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते, तो डोंगर देऊन टाकायला माडिया माणसाच्या हातात कायद्यानं फारसं काही नव्हतंच. त्याच्याकडून तो घेतला गेला. तेव्हा परत काय द्यायचं, ही जबाबदारी घेणाऱ्यावर दुप्पट येते.

आज काय परत जातं, तेही मांडतो. लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या 15 टक्के. सुरजागडचा पट्टा 2007 चा, म्हणजे जुन्या पद्धतीनं, लिलावाविना दिलेला, त्यामुळे 2015 च्या कायद्याप्रमाणे रॉयल्टीच्या 30 टक्के एवढी रक्कम खाणबाधितांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानला मिळते. शंभर रुपयांच्या खनिजामागे साडेचार रुपये. पण त्याच डोंगररांगेतल्या ज्या नव्या पट्ट्यांचे लिलाव झाले, तिथे प्रतिष्ठानचा वाटा रॉयल्टीच्या 10 टक्के. शंभराला दीड रुपया. लिलावात बोलीची जी जादा रक्कम येते, ती राज्याच्या तिजोरीत जाते, मुंबईला. नव्या खाणींत राज्याचा वाटा वाढला आणि जिल्ह्याचा एक तृतीयांशावर आला, ही गोष्ट गडचिरोलीत किती लोकांना कुणी समजावून सांगितली आहे?

आणि त्या साडेचार रुपयांचं तरी काय होतं? रस्ता, समाजमंदिर, रुग्णवाहिका. गरजेच्या वस्तू आहेत, मी नावं ठेवत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड वर्षानुवर्षं तुटत आलं आहे, तिथे पूल नको म्हणणारा मी कोण? पण पूल, शाळा, दवाखाना हे सरकारनं आपल्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून द्यायचं देणं आहे. ते साताऱ्याला आणि सांगलीला तिथलं लोखंड न विकता मिळतं. डोंगर विकून आलेला पैसा त्यात घालणं म्हणजे शेत विकून महिन्याचा किराणा भरणं.

हा फरक गडचिरोलीच्या माणसाला शिकवावा लागत नाही. मे महिन्यात कधी धानोरा-एटापल्लीच्या बाजूला तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, जाऊन बघावं. बाया पहाटे अंधारात जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी आणतात, सारं घर बसून पुडे बांधतं. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक गोणी. संध्याकाळी फळीवर पुडे ओळीनं मांडले जातात, मुन्शी ओळीतून चालत मोजत जातो, आणि ज्याचे पुडे तो शेजारी उभा राहून बरोबर मोजतो. कमी भरला तर तिथेच वाद. पेसा हा आदिवासी स्वशासनाचा कायदा आणि वनहक्क कायदा यांच्या जोरावर अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, आणि किती आला, किती वाटला, किती ठेवला हे सभेत वाचलं जातं. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये त्या गावानं स्वतःच्या वाहतूक परवान्यावर स्वतःचा बांबू विकला. या सभांत चुका होतात, भांडणं होतात, ठेकेदार फसवतो, हे सगळं आहे. पण हिशोब उघड्यावर होतो. आणि ते जे विकतात ते पुढच्या मे महिन्यात पुन्हा फुटतं. तेंदू फुटतो, बांबू फुटतो, मोह गळतो. लोखंड एकदाच निघतं.

फुटणाऱ्या पानाचा एवढा चोख हिशोब ठेवणाऱ्या लोकांना न फुटणाऱ्या लोखंडाच्या हिशोबातून आपण बाहेर का ठेवतो?

खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी 2022 मध्ये झाली ती जिल्ह्याच्या ठिकाणी, त्या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. भाताच्या बांधीत लाल गाळ आल्याची तक्रार घेऊन शेतकरी फिरले. तोडगट्ट्याला 2023 मध्ये नव्या खाणींविरुद्ध लोक महिनोन्‌महिने ठाण मांडून बसले, आणि शेवटी पोलिसांनी ते आंदोलन उठवलं. तेव्हा एक उत्तर तयार असायचं, की यामागे नक्षलवादी आहेत. कधी ते खरंही असेल. पण आता आपणच सांगता की तो काळ संपला. मग यापुढे कुणी ‘माझ्या शेतात लाल पाणी येतं’ म्हणालं, तर त्याच्या मागे कोण आहे हे न शोधता त्याच्या शेतात जाऊन बघितलं पाहिजे. शांततेचा पहिला फायदा गावकऱ्याच्या जिभेला मिळायला हवा, खाणीला नंतर. एका प्रकल्पासाठी 937 हेक्टर वनजमीन आणि सव्वा लाखाच्या आसपास झाडं द्यायला 2025 मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. एवढ्या मोठ्या गोष्टीवर ग्रामसभांचं म्हणणं मोकळेपणानं ऐकलं गेलं, असं सरकारनं छातीवर हात ठेवून सांगावं. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला ‘नाही’ म्हटलं, आणि देशाचं काही वाईट झालं नाही.

आता शेजारच्या गोव्याचं बघू, कारण लोहखनिजाचा जो धडा गोव्यानं घेतला तो आपल्याला फुकट मिळतो आहे. चीनची मागणी वाढली तशी डिचोली, सांगे, केपे, सत्तरीतली खाण सुसाट सुटली. 2010-11 मध्ये निर्यात 5 कोटी टनांच्या पुढे गेली. गावोगाव लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, मांडवीत बार्जची रांग लागली. विहिरी आटल्या, शेतात खाणीचा चिखल आला, आणि तरी कुणी थांबायला तयार नव्हतं, कारण ज्याच्या विहिरीचं पाणी गेलं त्याच्याच दारात ट्रक उभा होता. 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या, आणि ट्रकांचे हप्ते थकले. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. म्हणजे भरभराटीची ती सगळी वर्षं बेकायदा होती. वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, आणि खनिज विक्रीतल्या 10 टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करायला लावला. 2018 मध्ये पुन्हा 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि खाणी परत थांबल्या. निधीची कल्पना गोव्यात आली खरी, पण बहुतेक लोखंड बोटींवर चढून गेल्यावर, आणि तीही न्यायालयाकडून. कुठल्याही मुख्यमंत्र्यानं ती आधी स्वतः आणली असती तर आज गोव्याकडे काय असतं, याचा विचार करून माझा जीव तुटतो.

गडचिरोलीत ती वेळ अजून गेलेली नाही. 2021 पासून खाण नीट चालते आहे, मोठं उत्पादन आता कुठे सुरू होतंय. कोनसरीत पोलाद इथेच बनावं हा आपला आग्रह योग्यच आहे; कच्चा माल बाहेर पाठवून बसणाऱ्या गोव्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे. कामगारांना कंपनीचे समभाग मिळाले, तेही चांगलं झालं. पण समभाग कामगाराला मिळतो. ज्या आजीला कारखान्यात काम नाही, जो मुलगा अजून जन्माला यायचा आहे, त्यांच्या वाट्याचं लोखंडही याच ट्रकांतून चाललं आहे.

म्हणून माझं मागणं असं. गडचिरोलीसाठी कायमनिधीचा कायदा करा. लिलावातून राज्याला मिळणाऱ्या जादा रकमेतला मोठा हिस्सा त्यात गेला पाहिजे, कारण ती रक्कम पूर्णपणे आपल्या सरकारच्या हातात आहे, त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या जमेतला वाजवी भाग ठेव म्हणून राखावा, ही तरतूद तर 2015 च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेतच आहे. तिचा उद्देशच खाण संपल्यावरची उपजीविका हा आहे. त्याच योजनेत असंही लिहिलं आहे की अनुसूचित क्षेत्रातल्या खाणबाधित गावांत कुठलंही काम ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय घेता येणार नाही आणि वर्ष संपल्यावर कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागेल. हे नुसतं पाळलं गेलं तरी पुष्कळ होईल. मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही, अगदी निवडणुकीच्या वर्षातही नाही. त्यावरच्या कमाईतून काय करायचं ते ग्रामसभांच्या प्रतिनिधींनी ठरवावं. दरवर्षी किती टन निघालं, किती पैसा आला आणि निधीत किती पडला, हे माडियात आणि मराठीत प्रत्येक ग्रामसभेत वाचलं जावं, फळीवर पुडे मोजतात तसं, ज्याचं आहे त्याच्या डोळ्यांदेखत.

यात गडचिरोलीच्या विकासाला अडथळा होईल असं काही नाही. कारखाना चालेल, रोजगार मिळेल, गुंतवणूक येईल. फक्त जिल्ह्यातली वस्तू विकली जाताना तिचा मोबदला जिल्ह्याच्या नावावर राहील. जिथे ग्रामसभा ‘खाण नको’ म्हणते तिथे मात्र थांबावं लागेल, आणि तिथे थांबायची तयारी सरकारनं दाखवावी, एवढा तिचा हक्क आहे.

राज्याचे प्रमुख आपण, जिल्ह्याचे पालकही आपणच. अशी जोड गडचिरोलीला पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही. खाणीचा विस्तार पुरा होण्याआधी हे विधेयक यायला हवं. नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात ते मांडा, आणि मांडण्यापूर्वी त्याचा मसुदा एटापल्लीच्या ग्रामसभांपुढे ठेवा, ही कळकळीची विनंती.

आपला,
चंद्रपूरचा एक नागरिक